वीस मिनिटांची नळी

सर्पदंशानंतर रक्त गोठतं का हे पाहायची ही नळी काचेची आहे आणि काचेचीच हवी. प्लास्टिकची चालत नाही, साबणाने घासलेली तर मुळीच नाही. रक्त गोठण्याची साखळी काचेच्या उघड्या भिंतीला भिडून सुरू होते. भिंतीवर साबणाचा अंश राहिला, की निरोगी रक्तही पातळ राहतं आणि नळी खोटं बोलते.

सोयाबीनच्या काढणीत नांदेड-लातूरच्या रानात ओणव्याने कापणाऱ्या हाताला घोणस किंवा फुरसं डसतं. दवाखान्यात शिकाऊ सिस्टर त्याचं २ मिलिलिटर रक्त नळीत सोडते. आता २० मिनिटं हलवायचं नाही. नातेवाईक काकुळतीला येतात, "ताई, काहीतरी करा की!" नळी मात्र उभीच. वेळ भरली की एकदाच कलती करायची. दह्यासारखं लागलेलं रक्त जागचं हलत नाही. पाण्यासारखं वाहिलं, तर विषाने गोठण्याचे घटक खर्चून टाकलेत. पुस्तकात फायब्रिनोजेन या घटकाचं नाव म्हणजे पाठ करायचा शब्द असतो; इथे त्याचं नसणं डोळ्यांना दिसतं. रोगाचा शरीरातला प्रवास इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी शिक्षिका मला माहीत नाही.

मग प्रतिविष. सुरुवातीला ८ ते १० व्हायल, लहान मुलालाही तेवढ्याच. साप माणसाचं वजन बघून विष सोडत नाही. औषध घोड्याच्या रक्तातून आलेलं, म्हणून अंगावर गांधी उठतात का, श्वासाला घरघर लागते का, हे बघत राहायचं. ॲड्रेनॅलिन भरून हाताशी. नळी पुन्हा ६ तासांनी. प्रतिविष विषाला बांधतं, पण संपलेले घटक यकृतालाच नव्याने घडवावे लागतात. त्याला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

या नळीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी डॉ. दिलीप पुंडे वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण बरे करत आले आहेत. अशा ठिकाणी तिची खरी किंमत कळते.

पण मण्यारीपुढे ती गप्प होते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून येतो, अंगावर दंशाची खूणही सापडत नाही. विष मज्जातंतूंवर बसलेलं असतं, रक्त नळीत छान गोठतं. तेव्हा तिच्यावर विसंबू नये. "वर बघा, डोळे मोठे करा" म्हणावं, पापण्या पडतात का पाहावं, श्वास मोजावेत आणि हाताने श्वास देणारी अँबू बॅग उशाशी आणून ठेवावी.