ओंदे साकु

शिकारीच्या गोष्टी आमच्या पिढीने बहुतेक पुस्तकांतूनच वाचल्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचे दिवस संपले. माझे मामा मात्र नोकरीनिमित्त टांझानियात होते आणि तिथे रीतसर परवाना काढून शिकार करीत. सुटीत बेळगावला आले की आम्हा भाचरांचा ठरलेला प्रश्न असे, ‘मामा, तुमच्याकडे बंदुका किती?’ मामी धारवाडकडच्या. त्याच उत्तर देत, ‘ओंदे. ओंदे साकु!’

एकच कशी पुरणार? इम्पाला हरीण पन्नास किलोच्या आसपास, तर रानरेडा सहा-सातशे किलोचा!

मामांचा हिशेब सरळ होता. रायफल निवडायची ती सर्वांत धोक्याच्या जनावराकडे बघून. त्यांची रायफल होती पॉइंट थ्री सेव्हन फाइव्ह. हे काडतूस लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली आणले. याहून मोठी रायफल खांद्याला असा दणका देते, की माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो. शिवाय तिची गोळी लांबवर लवकर खाली येते.

पण खरी निवड गोळीची. मऊ गोळी रेड्याच्या खांद्याच्या हाडावर फुटून जाते. टणक, न फुलणारी गोळी आरपार जाऊन कळपातल्या दुसऱ्याला लागू शकते. म्हणून मामा तीनशे ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची, फुलणारी पण न फुटणारी गोळी वापरत. ती जड, वेगाने बेताची, त्यामुळे हरणाचे मांसही फारसे नासत नसे. हत्तीला मात्र न फुलणारीच गोळी लागते. मामांनी हत्तीचा परवाना कधी काढलाच नाही.

‘त्या बेलने तर लहानशा सात मिलिमीटरच्या रायफलीने शेकडो हत्ती मारले,’ असे आम्ही म्हणायचो. मामा म्हणत, ‘बेलला हत्ती आतून पाठ होता. मला नाही.’

जखमी रेडा झुडपात शिरून दबा धरतो. त्याचा माग काढणारा माणूस सर्वांत पुढे चालतो आणि त्याच्या हातात बंदूक नसते. ‘माझ्या चुकलेल्या गोळीची किंमत त्याची बायकोमुलं देणार,’ मामा म्हणत. म्हणून एकच रायफल, एकच गोळी, हाताला पक्की बसलेली. जरा शंका आली, तर बार काढायचा नाही.

मामी सांगतात, मामा रिकाम्या हाताने परतले असेच दिवस जास्त. त्या दिवशी घरी सारू-भात व्हायचा.