आजीच्या पोटातली मी

गेल्या शनिवारी जळकोटला जाऊन आले. पुणे, सोलापूर, नळदुर्ग, जळकोट... हायवे आहे सगळा, पण कंबर मोडायची ती मोडलीच. आजोळ माझं. आजीला सांगायचं होतं की मी बीजं गोठवून ठेवायचा विचार करतेय. (आईला आधी सांगायची हिंमत नाही!)

वय ३३, लग्नाचा पत्ता नाही, आणि डॉक्टरांच्या तोंडचा 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' डोक्यात घोळत होता. हापिसातल्या स्ट्रेसचं हे नाव नाही हं, मलाही आधी तसंच वाटलेलं. पेशीतल्या मायटोकाँड्रिया प्राणवायू वापरून ऊर्जा बनवतात, त्यात काही खवळलेले रेणू निसटतात. भट्टी म्हटली की ठिणग्या आल्याच. त्या विझवायला ग्लुटाथिओनसारखे रेणू असतात. ते कमी पडले, की झाला ताण.

बीजांडात या ठिणग्या नाजूक जागी लागतात. गुणसूत्रांची वाटणी करायला तिथे बारीक नळ्यांची एक चाती उभी राहते. ती वाकडी झाली की वाटणी चुकते, एखादं गुणसूत्र जास्तीचं जातं. डाउन सिंड्रोम बहुतेकदा असाच होतो. आणि गुणसूत्रांच्या जोड्या बांधून ठेवणारी प्रथिनं बाईच्या जन्माआधीच बसवलेली असतात. वयाबरोबर ती गळत जातात. म्हणजे तेहतीस वर्षं पॅच न केलेला सर्व्हर. असो.

पण बीजांडही हुशार. २०२२ साली बार्सिलोनाच्या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की कोवळी बीजांडं मायटोकाँड्रियातला 'कॉम्प्लेक्स-१' हा भागच काढून टाकतात. ठिणग्या उडवणारी सर्व्हिसच बंद! वर्षानुवर्षं मंद आचेवर तग धरून राहायचं. हे वाचून मी चहा थंड केला.

आजीला मी एवढंच सांगितलं, की मुलीची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्यात साठेक लाख, जन्मताना दहा-वीस लाख, पुढे कमीच. आजी गप्प झाली. मग म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात तुझी माय पोटात होती. खडी फोडायला जायचे मी. सुकडी खाऊन."

मी मनात हिशोब केला. आई १९७३ च्या सुरुवातीची. म्हणजे त्या खडीच्या ढिगापाशी, त्या उन्हात, मीही होते. अर्धी तरी.

"आन् फ्रीजमधी ठेवनार म्हन्तीस," आजी म्हणाली, "लाइट गेल्यावर काय करतेत?"

द्रव नायट्रोजन असतो आजी, उणे १९६ अंश, लाइट लागत नाही. थंडीत ती चाती विरघळते, पण ऊब मिळाली की पुन्हा उभी राहते. बहुतेक वेळा. 'बहुतेक'वर आजीने माझ्याकडे नीट पाहिलं. मी पुढे काही बोलले नाही.

निघताना तिने शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गाडीत बसले तर खिडकीपाशी येऊन म्हणाली, "तुझ्या मायला मी सांगते."