चेहरा नसलेली तारका

हॉलिवूड पाहायला निघालो तेव्हा धाकट्या बहिणीने आधीच बजावले, "दादा, अपेक्षा जरा घरी ठेवूनच चल." तिला लॉस एंजेलिसात राहून बरीच वर्षे झाली आहेत, त्यामुळे पाहुण्यांचे पडलेले चेहरे पाहण्याची तिला सवय आहे.

भुयारी गाडीच्या स्टेशनातून जिने चढून आम्ही हॉलिवूड बुलेव्हारवर आलो आणि पाहतो तो भर उन्हात जत्रा भरलेली! टोप्या आणि बनियनवजा सदरे विकणारी दुकाने, खेळण्यातल्या ऑस्कर-बाहुल्यांचे ढीग, कोळिष्टकी अंगरखा घातलेला एक घामाघूम इसम फोटोसाठी लोकांना अडवतो आहे. आपल्याकडच्या कुठल्याही यात्रेत बहुरूपी जसे मागे लागतात तसेच. दूर डोंगरावर ती जगप्रसिद्ध पांढरी अक्षरे दिसत होती. ती अक्षरे प्रथम उभी राहिली 1923 साली, आणि तीही 'हॉलिवुडलँड' अशी! डोंगरउतारावरचे प्लॉट विकण्यासाठी लावलेली ती पाटी होती. शेवटची चार अक्षरे 1949 साली काढून टाकली. ज्या नावाला सारे जग कलेची पंढरी म्हणून हात जोडते, ते मुळात जमीनविक्रीची जाहिरात निघावे, याची मला मोठी गंमत वाटली.

पण मी आलो होतो ते वेगळ्याच कामासाठी. मला पदपथावरची एक तारका शोधायची होती.

झाले असे की, आदल्या आठवड्यात माझी नऊ वर्षांची भाची 'मुलान' हा डिस्नेचा 1998 सालचा बोलपट पाहत बसली होती. त्यातली ती खोडकर आजी मला फार आवडली. चित्र संपल्यावर नावांची यादी सरकू लागली. भाचीने बंद करण्यासाठी हात पुढे केला, मी तो धरला. मास्तरकीची खोड, नावे वाचल्याशिवाय पुस्तक मिटवत नाही. आजीचे बोलणे जून फोरे यांचे होते आणि गाणे मार्नी निक्सन यांचे. एका म्हातारीसाठी दोन बायका! मग मी चौकशीला लागलो, आणि कळले की हीच जून फोरे 1950 सालच्या 'सिंड्रेला'त ल्युसिफर नावाच्या लबाड बोक्याचा आवाज झाली होती. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षे गेलेली. पडद्यावरच्या कुठल्या नटीला इतकी वर्षे मिळतात?

बाईंचा जन्म 18 सप्टेंबर 1917चा, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावचा. उंची जेमतेम पाच फूट. बाराव्या वर्षीच त्यांचा आवाज गावच्या नभोवाणीवरून गेला. पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला आले, आणि विशीच्या आतच 'लेडी मेक बिलीव्ह' या नावाने त्या मुलांना गोष्टी सांगू लागल्या. तो नभोवाणीचा सुवर्णकाळ. ज्याच्या गळ्यात दहा माणसे राहू शकतात त्याला कामाची वाण नव्हती. मुलांच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात त्या मिडनाइट नावाच्या मांजरीचा आवाज होत्या. त्याच कार्यक्रमाच्या निर्मात्याने पुढे 1954 साली 'सबाका' नावाचा चित्रपट काढला. त्यात मात्र बाई देहाने दिसतात, आणि कोणत्या भूमिकेत म्हणाल, तर हिंदुस्थानातल्या एका अग्निराक्षसाच्या पंथाची मुख्य पुजारीण! सोबतीला भयपटांचा बादशहा बोरिस कार्लोफ. असला पंथ आपल्याकडे कुणी पाहिला असेल तर मला जरूर कळवावे. बाईंनी पडद्यावर तोंड दाखवले ते क्वचितच, आणि हे पाहिल्यावर वाटते की त्यांचे बरोबरच होते.

त्यांचे खरे राज्य मायक्रोफोनपुढे. 1952 साली त्यांनी डिस्नेच्या एका छोट्या चित्रात हेझल नावाच्या चेटकिणीला आवाज दिला. तो वॉर्नर कंपनीच्या चक जोन्स या दिग्दर्शकाला इतका आवडला की त्याने आपल्याकडेही एक चेटकीण जन्माला घातली, तिचेही नाव हेझलच ठेवले, आणि पुढे त्या नव्या हेझलसाठी बाईंनाच बोलावून घेतले. ट्वीटी पक्ष्याला सांभाळणारी चश्मेवाली ग्रॅनीही त्यांच्याकडे आली. 1959 साली जे वॉर्ड यांच्या मालिकेतली रॉकी नावाची उडती खार दूरचित्रवाणीवर अवतरली. वैमानिकाची टोपी घातलेली ही शूर खार म्हणजे जून फोरे. आणि तिच्या जिवावर उठलेली नताशा ही हेरीणही जून फोरेच. पाठलाग करणारी तीच, पळणारी तीच!

सगळ्यांत मजेची गोष्ट बाहुलीची. 1960च्या सुमारास मॅटेल कंपनीने 'चॅटी कॅथी' नावाची बोलकी बाहुली आणली. पाठीची दोरी ओढली की बाहुली गोड गोड बोले. तो आवाज बाईंचा. लगेच 1963 साली 'ट्वायलाइट झोन' या गूढकथामालेत एका बोलक्या बाहुलीची गोष्ट आली. ही बाहुली घरच्या बापाला धमक्या देते. तोही आवाज बाईंचाच! ज्या घरात पोरीने ती बाहुली कुशीत घेतली होती, तिथे त्या रात्री काय झाले असेल?

एवढे करून नाव? वॉर्नरच्या त्या काळच्या चित्रांत आवाजासाठी नाव झळके ते मेल ब्लँक यांचे. त्यांच्या करारातच तशी अट होती. मोठा कलावंत, वादच नाही. पण त्याच चित्रातली चेटकीण, म्हातारी, कोंबडी कोण हे प्रेक्षकाला कळायला मार्ग नव्हता. 1966 सालच्या ग्रिंचच्या नाताळकथेत चिमुकली सिंडी लू हू बोलते; तेव्हा एकोणपन्नाशीला टेकलेल्या बाई, आणि श्रेयनामावलीत नाव नाही. आपल्याकडे 1949 साली 'महल'मधल्या गाण्याच्या तबकडीवर गाणारीचे नाव म्हणून 'कामिनी' छापले होते. ते पात्राचे नाव. गळा लता मंगेशकरांचा. आवाजाला नाव असते, हे लोकांना पटवून द्यावे लागते.

ते पटवण्याचे काम या बाईंनी चिकाटीने केले. व्यंगपट करणाऱ्यांची संघटना उभारण्यात त्या होत्या. त्या कलेसाठी वेगळे पारितोषिक हवे ही कल्पना त्यांची. त्यातून 1972 साली ॲनी पारितोषिके सुरू झाली. ऑस्करमध्ये पूर्ण लांबीच्या व्यंगपटासाठी स्वतंत्र विभाग असावा म्हणून त्या वर्षानुवर्षे मागे लागल्या होत्या. तो 2001 सालच्या चित्रपटांपासून आला. स्वतःला एमी मिळाले ते 2012 साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, आणि तेही पुन्हा एका चेटकिणीसाठी! 26 जुलै 2017 रोजी त्या गेल्या. शंभरी दोन महिन्यांवर होती.

तर ती तारका. 1929 साली पहिला ऑस्कर समारंभ जिथे झाला त्या रूझवेल्ट हॉटेलावरून आम्ही पश्चिमेकडे चालू लागलो. इथे गर्दी ओसरते. पायाखाली गुलाबी दगडी तारे, पितळी कडा, प्रत्येकावर नाव आणि खूण : चित्रपटवाल्याला कॅमेरा, गाणाऱ्याला तबकडी, नभोवाणीवाल्याला मायक्रोफोन. खाली पाहत चालायचे म्हणजे रस्त्यात पैसे सांडल्यासारखे दिसते. अखेर 7080 क्रमांकापाशी भाची ओरडली, "मामा, सापडली!" 'जून फोरे', खाली दूरचित्रवाणी-संचाची खूण. 2000 सालची. एक माणूस कुत्र्याला घेऊन तिच्यावरून सरळ चालत गेला. भाची तिथेच बसून नावावरून बोट फिरवत राहिली.

"मामा, या आजी कशा दिसायच्या?" तिने विचारले. मी फोटो दाखवला. तिला तो काही विशेष वाटला नाही. "यांचा आवाज कसा होता पण?" मी म्हटले, "तो तर तू ऐकलायस." ती जराशी गोंधळली.

मला माझी आई आठवली. श्रावणात वाड्यातल्या बायकांना ती कहाण्या वाचून दाखवी. राजाचा आवाज छातीतून, आवडतीचा नाकातून, नावडतीचा अगदी हळू, पुढे वाकून ऐकावा लागे असा. आम्ही पोरे उंबऱ्यावर बसून राहत असू. आईचे फोटो घरात भरपूर आहेत. आवाज मात्र कुठल्याही फितीवर नाही. टेपरेकॉर्डर घरात होता, पण त्यावर आम्ही गाणी भरत बसलो. भाचीने आजीला फक्त भिंतीवर पाहिले आहे.

मग बसने सनसेट बुलेव्हारवर गेलो. तिथे हॉलोवे ड्राइव्ह मिळतो त्या जागी बुलविंकल हा सांबर एका हातावर रॉकी खारीला तोलून उभा आहे. हा पुतळा 1961 साली जे वॉर्ड यांनी आपल्या स्टुडिओपुढे उभारला होता, समोरच्या एका जुगारी हॉटेलाच्या जाहिरातीतल्या नर्तकीची टवाळी करण्यासाठी. चिनी थिएटरच्या अंगणात नटनट्यांच्या हातापायांचे ठसे आहेत ना, तर वॉर्डसाहेबांनी आपल्या माणसांच्या कोपरांचे ठसे सिमेंटमध्ये उठवले. त्यांत बाईंचेही कोपर होते. 2013 साली पुतळा उतरवून डागडुजीला नेला, आणि 2020पासून तो या नव्या जागी आहे. मोटारी भरधाव जात होत्या. थांबून पाहणारे आम्ही तिघेच.

थांब्यावर बस यायला अवकाश होता. भाचीने खारीचा आवाज काढून पाहिला, मग चेटकिणीचा. मग एकदम आईकडे वळून म्हणाली, "तुझी आई कसा आवाज काढायची?" बहिणीने माझ्याकडे पाहिले. "दादाला विचार." मी आवडतीचा नाकातला आवाज काढून पाहिला, तो वर्गातल्या मास्तरासारखाच आला. तेव्हा बहिणीने पर्स मांडीवर ठेवली, किंचित पुढे वाकली, आणि नावडती राणी बोलू लागली. अगदी हळू. रस्त्याच्या आवाजात ऐकू येईना म्हणून भाची आणि मी दोघेही पुढे वाकलो. बस आली तरी ती गोष्ट थांबवायला तयार नव्हती. उरलेली आम्ही बसमध्ये उभ्या उभ्या ऐकली.