मैदानाने मारलेली माणसे

‘मैदान मारणे’ हा वाक्प्रचार ज्याने मराठी भाषेला बहाल केला, तो गृहस्थ आमच्या मैदानावर एकदाही उतरला नसावा, अशी माझी खात्री आहे. उतरला असता, तर त्याने कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल केली असती. गेली चार वर्षं आम्ही पन्नाशी उलटलेली अकरा माणसं (बारावा गडी पाण्याच्या बाटल्या आणि दुखण्यावरचा मलम सांभाळायला असतो) ज्या ज्या क्रिकेट-स्पर्धेत उतरलो, तिथे तिथे मैदानानेच आम्हाला मारलं आहे. प्रतिपक्षाला त्यासाठी फारसे श्रम पडले नाहीत.

ज्येष्ठांची स्पर्धा ही मोठी गोड चीज असते. नाणेफेकीच्या आधी दोन्ही कप्तान एकमेकांना ‘सकाळची गोळी घेतलीत ना?’ असं विचारतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांतून रनर २०११ सालीच हद्दपार झाला. आमच्याकडे मात्र तो सुखेनैव नांदतो. अडचण एवढीच, की प्रत्येकाला रनर हवा असतो आणि रनर व्हायला कोणी तयार नसतो. उद्घाटनाला पाहुणे येतात, शाल देतात, श्रीफळ देतात, ‘तुमच्याकडे बघून तरुणांना स्फूर्ती मिळते’ असं म्हणतात. चांगली खेळपट्टी मात्र त्या तरुणांना देतात. ज्येष्ठांचं काय, सकाळचं कोवळं ऊन मिळालं म्हणजे झालं! त्यामुळे आमच्या वाट्याला शाल येते, श्रीफळ येतं. फक्त मैदान येत नाही.

जे येतं त्याला मैदान म्हणण्याचा प्रघात आहे. त्याचा इतिहास त्याच्या खड्ड्यांवरून लिहिता येतो. वेशीकडच्या बाजूचे खोल खड्डे गणेशोत्सवाच्या मांडवाचे. गोलाकार रांगेतले नवरात्रातल्या गरब्याचे. मधले चौकोनी, ते कुणा नगरसेवकाच्या मुलीच्या स्वागत-समारंभाच्या कमानीचे. मांडववाले मोठे प्रामाणिक. आपला बांबू तेवढा घेऊन जातात, मैदानाचा खड्डा मैदानाला ठेवतात. खेळपट्टीवर काथ्याची चटई खिळ्यांनी ठोकलेली असते. तिची लांबी नियमाप्रमाणे बावीस यार्ड, पण वर आलेल्या सुरकुत्या ताणून मोजल्या तर चोवीस भरतील. चेंडू सुरकुतीच्या अलीकडे पडला तर डोक्यावरून जातो, पलीकडे पडला तर घोट्यावर येतो. त्यामुळे आमचे गोलंदाज अतिशय फसवे म्हणून प्रसिद्ध आहेत. ते स्वतःही फसतात.

मुंबईकर मंडळी हे वाचून हसतील. ‘अहो, कांगा लीग बघा!’ असं म्हणतील. बघितली आहे. १९४८ पासून मुंबईत ही स्पर्धा भर पावसाळ्यात, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. गवत एवढं वाढतं की तडकावलेला चेंडू त्यात गडप होतो. पूर्वीच्या नियमांत ‘लॉस्ट बॉल’ असं एक स्वतंत्र कलम होतं. क्षेत्ररक्षकाने तसा पुकारा केला की फलंदाजाला सहा धावा बहाल. २०१७ च्या नियमावलीत ते सहा गेले. आता हरवलेला चेंडू नुसता ‘डेड’ होतो. आझाद मैदानावर तर सामने एकमेकांत घुसलेले असतात. आपला थर्ड मॅन हा शेजारच्या सामन्याचा मिडऑन असतो. तिथेच फेब्रुवारी १९८८ मध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागी केली. मान्य. पण तेव्हा तेंडुलकरचं वय १४ होतं, वाचकहो! चौदाव्या वर्षी माणूस खड्ड्यात पडला तर उडी मारून बाहेर येतो. आमच्या वयात तो पडला की आधी एक्सरे येतो.

आता मुळात जे सांगायचं ते सांगतो. इतका वेळ मी ते टाळत होतो.

गेल्या वर्षीचा उपान्त्य सामना. मी कप्तान. अण्णा माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, वय ६६, आमचे हुकमी क्षेत्ररक्षक. हुकमी अशासाठी, की ते स्वतः हलत नाहीत, हुकूम सोडतात. सामन्याआधी मी मैदानाला चक्कर मारली. मिडविकेटला, सीमारेषेच्या जरा आत, एक खड्डा होता. वीतभर रुंद, हातभर खोल, तोंडावर गवत. अगदी बेतून केल्यासारखा. मी तो पाहिला.

मैदान खेळण्याजोगं आहे की नाही, हे नियमाप्रमाणे दोन पंचांनी मिळून ठरवायचं असतं. पण आमचे पंचही निवृत्त. त्यांनी खुर्चीतूनच विचारलं, “काय, चालेल ना?” प्रतिपक्षाचा कप्तान छाती काढून म्हणाला, “चालेल!” आणि मीही म्हणालो, “चालेल.”

मराठी भाषेत याच्याइतका घातकी शब्द नाही. शिळी भाजी, गळकं घर, पडका जिना, सगळं आपण ‘चालेल’वर चालवतो. मी का म्हणालो? एक तर आठवडाभर घरी विनवण्या करून त्या रविवारी दळणापासून सुटका मिळवली होती. शिवाय समोरचा चालेल म्हणत असताना ‘खड्ड्याची भीती वाटते’ असं साठीच्या माणसाने म्हणायचं कसं? म्हातारा झालो असं लोक म्हणतील ना! तसं म्हणू नयेत, एवढ्यासाठीच तर पांढरी विजार चढवायची.

सातव्या षटकात चेंडू उंच उडाला. आयुष्यात प्रथमच अण्णा मागे धावले. मी “अण्णा, सांभाळून!” असं ओरडलो, पण क्षेत्ररक्षकाला ‘सांभाळून’ म्हटलं की तो चेंडूच सांभाळतो. पाय खड्ड्यात गेला, अण्णा आडवे झाले, आणि एक हात चेंडूसकट वर राहिला. झेल पुरा व्हायला चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर, दोन्हींवर पूर्ण ताबा लागतो, असा नियम आहे. अण्णा हलतच नव्हते, त्यामुळे पंचांनी दोन्ही अटी पुऱ्या झाल्या असं धरलं. आम्ही धावत गेलो. अण्णांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, “आउट दिला का?”

घोट्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

दुसऱ्या दिवशी मी मोसंबी घेऊन त्यांच्याकडे गेलो. दार वहिनींनी उघडलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा ठेवला आणि शांतपणे विचारलं, “भावोजी, तो खड्डा तुम्हाला दिसला नव्हता का हो?”

मी म्हणालो, “गवत होतं ना, वहिनी.”

वाक्य खरं होतं. उत्तर खोटं होतं. तो चहा मला घशाखाली उतरेना. वहिनी आत गेल्यावर मी अण्णांना म्हणालो, “अण्णा, मला दिसला होता. सामन्याच्या आधी.”

अण्णांनी मोसंबं सोलता सोलता माझ्याकडे पाहिलं. “मलाही दिसला होता रे,” ते म्हणाले. “तू कप्तान, तू बोलशील म्हणून मी गप्प बसलो.”

“आणि मी, कोणीच बोलत नाही म्हणून.”

“मग उरलेल्या नऊ जणांनाही दिसला असणार,” अण्णा म्हणाले आणि निम्मं मोसंबं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

चौकशी केली. सात जणांना दिसला होता. बाकीचे दोघे मोतीबिंदूचे.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सामना खेळलो नाही. घमेली, फावडी, मुरूम आणि एक उसना धुम्मस घेऊन मैदानात उतरलो. अकरा म्हातारे एका ओळीत, मान खाली घालून, हरवलेली अंगठी शोधावी तसे चालत होतो. एकूण ४१ खड्डे निघाले. अण्णा कडेला खुर्चीत, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून, नेहमीप्रमाणे हुकूम सोडत होते. दुपारी बारा वाजता शेवटचा खड्डा बुजवला, तेव्हा जी धाप लागली होती ती शतक ठोकल्यावरच लागत असावी. मी कधी ठोकलेलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी अण्णांना हवा खायला म्हणून रिक्षातून मैदानावर नेलं. तिथे मांडववाल्याची पोरं पहारी घेऊन हजर! कुठल्याशा प्रदर्शनाचा मांडव होता. एक पोरगा आनंदाने म्हणाला, “काका, मुरूम टाकलात ते बेस झालं. जुन्या खड्ड्याची जागा लगेच कळते.”

मी कपाळाला हात लावला. अण्णांनी कुबडी उचलली आणि तिच्या टोकाने आपलं प्लास्टर ठोकून दाखवलं. “हे बघ बाळ, बांबू काढाल ना, तेव्हा खड्डे भरून जायचं. एकूण एक. समजलं?”

पोराने प्लास्टरकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि मोठ्या अदबीने मान डोलावली.

“चालेल काका,” तो म्हणाला.