बार्शी रोड नावाचं माझं माहेर

माहेर कुठलं असं कुणी विचारलं, की मी 'कुर्डुवाडी' म्हणते आणि समोरची हमखास म्हणते, "अगं बाई, तिथं आम्ही गाडी बदलायचो!" मैत्रिणींनो, तुमच्यापैकीही पुष्कळजणींनी पंढरपूरला जाताना तिथल्या फलाटावर वळकटीवर बसून दशम्या सोडल्या असतील. पण स्टेशनाबाहेर कितीजणी गेलात, सांगा बरं?

सोलापूर जिल्ह्यात कुर्डू हे मूळ गाव. त्याची ही वाडी. 1859-60 च्या सुमारास मुंबईहून सोलापूरकडे जाणारी जी.आय.पी. रेल्वे इथून गेली. स्टेशन झालं, पण पाटीवर नाव लागलं 'बार्शी रोड'! बार्शी ही कापसाची मोठी पेठ, एकवीस मैल बाजूला राहिलेली. तिकडे जायचं असेल तर इथं उतरा, एवढाच त्याचा अर्थ. गाव एकाचं नि नाव दुसऱ्याचं. आपल्या बायकांना यात नवल ते काय म्हणा!

बार्शीपर्यंत रूळ नेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं, 1897 साली. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. (हा गृहस्थ मोठा छांदिष्ट, पुढे त्यानं वैमानिकांसाठी हवाई छत्रीही तयार केली.) ही 'बार्शी लाईट' 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. 1954 साली ती सरकारनं घेतली.

गाव वाढलं ते या गाडीच्या कारखान्यामुळे. फिटर, लोहार, ड्रायव्हर, फायरमन कुठून कुठून आले नि चाळींतून राहिले. तालुक्याची कचेरी माढ्याला, पण वस्ती आमच्या वाडीची मोठी. 2001 च्या जनगणनेत ती वीस हजारांच्या पुढे गेली होती. लेक आईपेक्षा उंच व्हावी, तशी कुर्डूची ही वाडी!

माझे वडील कारखान्यात होते. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आई चालायची भोंग्यावर. पहिल्या भोंग्याला भाकरी तव्यावर, दुसऱ्याला डबा दारात. वडिलांचे तेलकट कपडे ती सोडा घालून उकळायची, तरी काळे डाग राहायचेच. सणाला पांढरं धोतर नेसून ते बसले, की आम्हाला परकेच वाटायचे. शेजारच्या चाळीतून कधी सांबाराचा वास यायचा, कधी बांगड्याचा. एवढ्याशा गावात मी इतक्या तऱ्हांचे स्वयंपाक चाखले, की सासरी सगळ्या अवाक्!

मला दिलं लातूरला. माहेरी यायचं म्हणजे त्याच छोट्या गाडीनं. अख्खा दिवस मोडायचा, डोळ्यांत कोळसा जायचा, पण कुर्डुवाडीचा सिग्नल दिसला की मूल मांडीवरून खाली ठेवून मी दारात उभी! 2008 साली लातूरपर्यंत मोठे रूळ आले. आता मुंबईची गाडी थेट. सोय झाली हो, नाही कशाला म्हणू? पण फलाटावर खोळंबणारी माणसं गेली नि त्यांच्यावर चाललेले चहाचे गाडेही उठले. माझ्या भावाचाही त्यात एक होता. हे मात्र माझ्या मनातून जात नाही.

मग 2016 चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलेलं, लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी. 11 एप्रिलला मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. वाट तीच, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी.

रात्री वहिनीचा फोन आला, "वन्सं, तुमचं पाणी आत्ता इथनं गेलं बघा. पहाटंपर्यंत पोचंल."

ते पाणी शुद्ध होऊन आमच्या गल्लीत यायला अजून अवकाश होता, हे कळत होतं. तरी मी उठले नि रिकामे हंडे घासून दारात मांडून ठेवले.