परस आणि हिरवळ

आर्द्रा नक्षत्र लागले की नव्या दिल्लीतील अशोक रोडचा पदपथ जांभळा होतो. एकजण झाडावर चढून फांद्या हलवतो, खाली चौघेजण चादरीची टोके ताणून उभे असतात. १९११ मध्ये घोषित होऊन १९३१ मध्ये उद्घाटन झालेल्या या राजधानीच्या रचनाकारांनी रस्त्यारस्त्याला वृक्ष नेमून दिले : अशोक रोडला जांभूळ, अकबर रोडला चिंच. त्यांना सावली आणि भव्यता हवी होती. अन्नाचा विचार त्यांच्या मनात मुख्य असावा असे वाटत नाही. झाडे मात्र आपल्या धर्माने फळत राहिली. फळ आले की ते कोणाचे, हा प्रश्न येतोच. जांभळे उतरवण्याच्या हक्काचा लिलाव करून नगरपालिकेने तो आपल्यापुरता सोडवला.

हाच प्रश्न मी एकदा टाळला. आमच्या वसाहतीतील मोकळ्या जागेचा आराखडा ठरवणाऱ्या समितीत मी होतो. कडेने शेवगा, लिंबू, पेरू लावावेत आणि आत भाजीचे वाफे करावेत, अशी सूचना तिथल्या वृद्ध माळ्याने केली होती. फळझाड म्हणजे दगडफेक, माश्या आणि भांडणे, असे मी म्हणालो. माझे म्हणणे सर्वांना पटले. आज तिथे हिरवळ आहे. भर उन्हाळ्यात तिला पाणी घालतात, आणि तिच्यावर पाऊल ठेवू नये अशी पाटीही आहे.

वस्तुतः मी कोकणातल्या परसात वाढलेला. आमच्या न्हाणीचे पाणी केळीच्या आणि अळवाच्या मुळाशी जाई. शोभेची फुले घरापुढे, परस घरामागे, अशी आपली जुनी मांडणी. नगररचनेने त्यातले पुढचे तेवढे उचलले. गिरगावात फणसवाडी, केळेवाडी ही नावे उरली, फणस आणि केळी गेल्या. परंतु परसालाही भांडण नवे नव्हते. कुंपणावरून वाकलेल्या फांदीवरून दोन घरांत अबोला धरला जाई, आणि केळीचा घड उतरला की त्याच कुंपणावरून एक फणी पलीकडे जाऊन तो सुटेही. भांडणाच्या भयाने कोणी झाड लावायचे थांबले नाही.

म्हणून वाटते, नगराच्या आराखड्यात अन्न आणायचे तर वाफ्यांबरोबर वाटणीही आखावी लागेल. मातीचाही विचार हवा : शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, तरी रस्त्याकडेच्या मातीत शिसे दीर्घकाळ टिकते, तेव्हा पालेभाजी आत, फळझाडे कडेला. माळ्याने नेमके हेच सुचवले होते. त्याचे कारण मी त्याला विचारलेही नाही.

तो आता निवृत्त होऊन गावी गेला आहे. पुढच्या सभेत त्याची सूचना मी मांडणार आहे, त्याच्या नावाने.