तिथेच उभे असणे

एप्रिल २०२० चा शेवटचा आठवडा. टाळेबंदीला महिना उलटला होता. लॉस एंजेलिसहून एका जुन्या मित्राचा दूरध्वनी आला. १९८३ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठात आम्ही एकाच खोलीत राहत होतो. प्रकृतीची चौकशी वगैरे न करता तो म्हणाला, ‘अल्बम आला. ते अजून तसेच आहेत.’ मग तो गप्प झाला. तो रडत होता, हे मला काही क्षणांनी उमगले.

ज्या बँडविषयी तो बोलत होता त्याचे नाव ‘एक्स’. १९७७ साली लॉस एंजेलिसमध्ये त्याची सुरुवात झाली. पंक संगीताची त्या काळातील भूमिका साधारणतः परिचित आहे : वादनातील कसबाचे प्रदर्शन नाकारायचे, गाणे छोटे आणि वेगवान ठेवायचे, रॉक संगीताने मिळवलेली प्रतिष्ठा झुगारायची. ‘एक्स’चे वेगळेपण असे की त्याचे एक मूळ कवितेत होते. एक्सीन सर्वेंका आणि जॉन डो यांची भेट व्हेनिस येथील ‘बियाँड बरॉक’ या साहित्यकेंद्राच्या कविता-कार्यशाळेत झाली. दोघे एकत्र गातात ते रूढ स्वरमेळाच्या गोडव्याने नव्हे. दोन आवाज एकमेकांना घासत पुढे जातात. बिली झूमची गिटार पन्नाशीच्या दशकातील रॉकबिलीतून आलेली, स्वच्छ आणि नेमकी. वाजवताना तो पाय फाकून, जवळजवळ न हलता, समोरच्यांकडे पाहून हसत असे. डी. जे. बोनब्रेक ड्रम्सवर. ‘लॉस एंजेलिस’ (१९८०) या पहिल्या अल्बमसह सुरुवातीच्या चार अल्बमांची निर्मिती ‘द डोअर्स’च्या रे मँझारेक यांनी केली. १९८५ च्या अल्बमनंतर झूम बाहेर पडला. १९९८ मध्ये तो परतला, आणि पुढे दोन दशके हे चौघे आपली जुनी गाणी वाजवीत राहिले. नवा अल्बम मात्र येईना. २०१३ मध्ये मँझारेक गेले, २०१५ मध्ये झूमवर कर्करोगाचे उपचार झाले. प्रतीक्षा आता व्यर्थ आहे, असे चाहत्यांनी मानायला हरकत नव्हती. अशा वेळी २२ एप्रिल २०२० रोजी, ठरल्या वेळेआधी, ‘अल्फाबेटलँड’ डिजिटल रूपात उपलब्ध झाला. मूळ चौघांचा पस्तीस वर्षांनंतरचा पहिला अल्बम. पूर्ण ऐकायला अर्धा तासही लागत नाही.

चाहत्यांच्या प्रतिसादात एक सूर ठळक होता, आणि माझ्या मित्राच्या दोन वाक्यांत तो आलेलाच आहे : ते तसेच आहेत. हा अल्बम त्या पहिल्या चारांच्या शेजारी ठेवता येईल, ही त्यांच्या दृष्टीने सर्वोच्च प्रशंसा होती. मी समीक्षेचा विद्यार्थी. ही प्रशंसा ऐकून मला आनंद झाला आणि लगेच अवघडल्यासारखेही झाले. कारण ज्या परंपरेत मी वाढलो, तिथे ‘तसेच’ हा शब्द दोषदर्शक आहे. साठोत्तरी लघुनियतकालिकांनी आम्हाला नवतेची दीक्षा दिली होती. दीर्घ मौनानंतर परतणाऱ्या कवीने वेगळे होऊन परतावे, ही अपेक्षा आम्हाला इतकी स्वाभाविक वाटत आली की ती अपेक्षा आहे हेच ध्यानात येत नसे.

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची संकल्पना वाचकांना परिचित आहे. कलाकृती आणि वाचकाचे अपेक्षाक्षितिज यांतील अंतरावर तिचे सौंदर्यमूल्य ठरते. हे अंतर जितके कमी, तितकी ती कृती रुचीला हवे तेच वाढणाऱ्या, पाककलेच्या जवळच्या कलेकडे झुकते. हा निकष लावला तर माझ्या मित्राचे अश्रू हाच ‘अल्फाबेटलँड’विरुद्धचा पुरावा ठरतो. त्यातील काही गाणी तर सत्तरच्या दशकाच्या अखेरची, नव्याने ध्वनिमुद्रित केलेली आहेत. खटला इथेच संपायला हवा.

तो संपला नाही, याचे कारण माझ्या स्वतःच्या एका वाक्यात आहे. १९९४ साली मी एका कवीच्या दुसऱ्या संग्रहाचे परीक्षण लिहिले. पहिल्या संग्रहानंतर अठरा वर्षांनी तो प्रसिद्ध झाला होता. मी लिहिले : ‘कवी अठरा वर्षांपूर्वी जिथे होता तिथेच उभा आहे.’ वाक्य मला आवडले होते. महिन्याभराने कवीचे पोस्टकार्ड आले. त्यात इतकेच होते : ‘उभा आहे, हे आपण पाहिलेत. आभारी आहे.’ त्यातील उपरोध तेवढा मी वाचला आणि उत्तर दिले नाही. त्यानंतर त्यांचा संग्रह निघाला नाही. २००९ साली ते वारले.

मित्राच्या दूरध्वनीनंतर ‘अल्फाबेटलँड’ मी आठवडाभर ऐकला. चाहत्यांचे ‘तसेच’ भाबडे नाही, हे त्या आठवड्यात हळूहळू कळत गेले. मित्राशी पुन्हा बोललो तेव्हा तो ज्या गोष्टी तपासत होता त्या एखाद्या पाठचिकित्सकाला शोभाव्यात : लय मंदावली आहे का, दोन आवाजांमधील घर्षण गुळगुळीत झाले आहे का, झूमच्या बोटांतील नेमकेपणा उरला आहे का. ध्वनिमुद्रणाच्या सुमारास हे चौघे साठी ओलांडलेले होते. झूम तर सत्तरीही. पंचविशीत गाणे वेगाने वाजवणे ही ऊर्जा असते. सत्तरीत त्याच वेगाने वाजवणे हा निर्णय असतो, आणि त्याची किंमत शरीर मोजते. बोर्हेसच्या पिएर मेनारने ‘दोन किहोते’चा मजकूर शब्दशः पुन्हा लिहिला आणि तो वेगळा ग्रंथ झाला, ही गोष्ट आपण वर्गात गमतीने शिकवतो. माझा मित्र ती गोष्ट न वाचता जगत होता. याउसच्या निकषात कृती आणि क्षितिज यांतील अंतर मोजले जाते. ते क्षितिज किती काळ, कोणत्या पडझडीतून जपून ठेवावे लागले, हे मोजण्याची सोय त्यात नाही. पस्तीस वर्षे जपलेल्या अपेक्षेची पूर्ती आणि कालच्या जाहिरातीने जागवलेल्या अपेक्षेची पूर्ती यांत त्यामुळे फरक करता येत नाही.

प्रत्येक पुनरागमन असे असते, असा माझा दावा नाही. जुन्या बँडांच्या पुनर्मीलनाचा एक व्यापार आहे, त्यात तारुण्याचे सोंग विकले जाते, आणि चाहते तेही विकत घेतात. ‘अल्फाबेटलँड’ त्यात मोडत नाही, असे मला वाटते ते त्याच्या शेवटामुळे. अखेरच्या तुकड्यात एक्सीन गात नाही, बोलते. साथीला ‘डोअर्स’चा रॉबी क्रीगर गिटार वाजवतो. इतका वेळ वेगाने धावलेले वय तिथे थांबून स्वतःचे नाव सांगते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘स्मोक अँड फिक्शन’ आला तेव्हा हा आपला शेवटचा अल्बम, असे बँडनेच जाहीर केले होते. त्या वेळी मित्राने दूरध्वनी केला नाही. दोन ओळींचे पत्र पाठवले, आणि त्यात ‘तसेच’ हा शब्द नव्हता.

टाळेबंदीतच मी तो १९९४ चा संग्रह पुन्हा काढला. विहीर, ओसरी, आईचे हात, पाण्याचा आवाज : प्रतिमा खरोखरच जुन्या होत्या. मग दोन्ही संग्रह शेजारी ठेवून मी ओळींची अक्षरे मोजली. हे काम परीक्षण लिहिताना करायला हवे होते. छंद तोच, परंतु दुसऱ्या संग्रहात यती आधी येते. बहुतेक कवितांत ओळ दोन-तीन अक्षरे लवकर थांबते. पहिल्या संग्रहात विहिरीशी जो बोलत असे त्याला उत्तर मिळत असे. दुसऱ्यात तो तेच विचारतो, आणि ओळ जिथे तुटते तिथे उत्तराची जागा रिकामी राहते. मी प्रतिमा पाहिल्या होत्या. श्वास ऐकला नव्हता.

माझे परीक्षण पुढे माझ्या समीक्षासंग्रहात समाविष्ट झाले आणि किमान दोन प्रबंधांत ते वाक्य उद्धृत झालेले मी पाहिले आहे. वाक्य खोटे नाही, म्हणून ते मागे घेता येत नाही. ज्यांना ते पुढे उद्धृत करावेसे वाटेल त्यांनी त्यासोबत ते पोस्टकार्डही उद्धृत करावे, एवढ्यासाठी हे टिपण. पोस्टकार्ड मी त्या संग्रहात, विहिरीच्या कवितेच्या पानावर, ठेवले आहे.